मागच्या सीटवर कोण?

दसऱ्याला दुपारी हिंगोलीतल्या कुठल्याही मोटारसायकलच्या शोरूमपुढे पाच मिनिटं थांबा. कोऱ्या गाडीला झेंडूचा हार, टाकीवर हळदीकुंकवाची बोटं, पुढच्या चाकाखाली लिंबू. गादीवर एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं आणि शेजारी पदर सावरत उभी त्याची आई. पोरगं क्लच इतका हळुवार सोडतं की लिंबू फुटल्याचा आवाज ऐकू येतो. त्यानंतर ती गाडी एवढ्या सावकाश चाललेली कुणाला दिसत नाही.

संध्याकाळी रामलीला मैदानावर दसऱ्याची गर्दी उसळते. आमचा दसरा दीडशे वर्षांहून जुना, त्यामुळे आसपासच्या चार जिल्ह्यांतली माणसं येतात. दुपारच्या त्या कोऱ्या गाड्या तेव्हा तिघा-तिघांना घेऊन बायपासवर सुटलेल्या असतात. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसलेली म्हातारी माणसं मान वळवून बघतात आणि ठरलेलं वाक्य टाकतात, ‘वय हाय त्येचं. व्हईल शांत.’

हे वाक्य मीही बरीच वर्षं म्हणत आलो. रक्त गरम असतं तोवर गाडी पळते, संसार लागला की हात आपोआप ढिला होतो, साठीला माणूस तीसच्या काट्यावर येतो. शेतातल्या पिकासारखं सगळं वेळेवर पिकतं, एवढी सोपी माझी समजूत होती. पन्नाशी ओलांडल्यावर, घरातली माणसं आणि स्वतःचा एक अपघात पुन्हा पुन्हा आठवल्यावर, ती समजूत अर्धीच खरी वाटू लागली.

अपघाताचं आधी सांगून टाकतो. साल 1993. मी बावीस वर्षांचा, गाडी मित्राची आरएक्स 100. पाटी एमएच 22 ची, कारण हिंगोली जिल्हा व्हायचा होता. 1 मे 1999 ला परभणीतून आम्ही वेगळे झालो आणि एमएच 38 मिळालं. (आजही हिंगोलीत एमएच 22 ची दुचाकी पुढे दिसली की चालवणारा चाळिशीच्या बराच पुढचा असणार, असं मी खुशाल समजतो.) महाशिवरात्रीला औंढा नागनाथाचं दर्शन घेऊन दिवेलागणीला परत येत होतो. हँडल माझ्याकडे, मागे गाडीचा मालक. तो माझ्या कानात ओरडत होता, ‘ताण, अजून ताण!’ मी ताणली. पुढे एक बैलगाडी होती, मागे ना दिवा ना कंदील. दिसली तेव्हा ब्रेक मारण्याइतकं अंतर उरलं नव्हतं. मला खरचटलं. त्याच्या पायात नांदेडला रॉड घातला. तो आजही थोडा लंगडतो आणि आजही मित्र आहे, हे त्याचं मोठेपण.

पण मला छळणारी गोष्ट दुसरीच. त्याच्या दोनच दिवस आधी, त्याच गाडीवर, मी आईला नर्सी नामदेवला नेऊन आणलं होतं. जाता-येता काटा चाळीसच्या वर गेला नाही. आईनं शर्टाची पाठ मुठीत धरली होती आणि मी जरा पिकअप घेतला की ती मूठ घट्ट व्हायची. बोलली काहीच नाही. वय तेच, गाडी तीच, आठवडाही तोच. बदललं होतं ते फक्त मागच्या सीटवरचं माणूस.

पुढे कळलं की याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेरा ते सोळा, अठरा ते बावीस आणि चोवीसच्या पुढचे असे तीन गट संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळले. सिग्नल पिवळा होतो, लाल कधी होईल सांगता येत नाही, मधल्या वेळात गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण, आणि फार ओढलं तर धडक. कुणी एकट्यानं खेळलं, कुणी दोस्तांच्या देखत. दोस्त शेजारी असताना सगळ्यात लहान गटानं धोका कितीतरी अधिक पत्करला, मधल्या गटानं बऱ्यापैकी, आणि चोवीसच्या पुढच्यांना दोस्त असले काय नि नसले काय, फारसा फरक पडला नाही. परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो, हे आता सर्वमान्य आहे. टपरीवरच्या म्हाताऱ्यांचं ‘वय हाय त्येचं’ चूक नाही. फक्त ते वय बघणारं कुणी असलं की जोरात उसळतं.

आता जरा हिशेब. ताशी चाळीसनं गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, ऐंशीनं बावीस. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तरण्या माणसाचा एक सेकंद धरा. पुढे कोरड्या डांबरावर चाळीसची गाडी थांबायला आणखी नऊएक मीटर घेते. ऐंशीची गाडी अठरा नव्हे, पस्तीस मीटर घेते, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकनं जिरवायची शक्ती चौपट होते. म्हणजे एकूण वीस मीटर आणि सत्तावन्न मीटर. साठीतल्या माणसाला अर्धा सेकंद जास्त लागतो असं धरलं तरी चाळीसवर तो सव्वीस मीटरच्या आत थांबतो. शरीर मंदावलेला आजोबा ऐंशीवरच्या तेज नातवाच्या निम्म्याहून कमी जागेत थांबतो तो एवढ्यामुळेच. त्यात शहाणपण किती आणि मानदुखी किती, हा प्रश्न वेगळा.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 15,224 महाराष्ट्रात. मेलेल्यांत दोन-तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस वयातले. दर शंभर मृत्यूंतले चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे. आणि एकाहत्तर टक्के मृत्यूंच्या कारणात ‘अतिवेग’. या शेवटच्या आकड्यावर माझा पूर्ण भरवसा नाही. पंचनाम्यात ‘भरधाव वेगात’ लिहिणं सोपं असतं. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, दुभाजक मधेच फोडलेला होता, वळणावर फलक नव्हता, हे लिहायला जागा पाहावी लागते. 1993 च्या माझ्या अपघातातही ‘अतिवेग’ होताच. बैलगाडीचा नसलेला कंदीलही होता.

रस्त्याबद्दल बोलायलाच हवं, कारण वयाचा आणि वेगाचा मेळ तोच घालतो किंवा बिघडवतो. आमच्या लहानपणी हिंगोली-नांदेड रस्ता असा होता की खड्डे हेच ट्रॅफिक पोलीस. विशीतला असो की सत्तरीतला, खड्ड्यापुढे दोघं सारखेच. कळमनुरी आलं की पाठ बोलायची, आखाडा बाळापूर आलं की एसटीतल्या निम्म्या बाया ओकाऱ्यांनी बेजार, आणि वारंगा फाट्याचा चहा म्हणजे सुटका. आता तोच अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड राष्ट्रीय महामार्ग 161 चौपदरी झालाय. मुळात चांगलीच गोष्ट. नांदेडच्या दवाखान्यात पेशंट पोचवायला लागणारा वेळ ज्यानं पाहिलाय तो त्याला नावं ठेवणार नाही. पण खड्ड्यांनी जो अंकुश सगळ्यांवर ठेवला होता तो गेला आणि त्या जागी ज्याचा त्याचा अंकुश आला. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनं दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी 100, मोटारसायकलला 80 एवढी कमाल मर्यादा घातली. त्याच डांबरावर पंचवीस-तीसनं चाललेला उसाचा ट्रॅक्टर असतो, दोन ट्रॉल्या लावलेला. वळसा वाचवायला उलट्या बाजूनं येणारे लुनावाले बाबाही असतात. माणूस मरतो तो या वेगांमधल्या फरकानं, असं माझं मत झालंय.

ट्रॅक्टर हळू जातो म्हणून तो निरुपद्रवी, असा आपल्याकडे गोड समज आहे. त्यामुळे तो कुणाच्याही हाती दिला जातो. मिसरूड न फुटलेली पोरं हळदीच्या हंगामात ट्रॉली घेऊन वसमत-हिंगोलीच्या मोंढ्याकडे निघतात, स्पीकर ढणढणत असतो. 4 एप्रिल 2025 ला वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया हळदीच्या कामाला जात होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगावच्या शिवारात त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडला. सात जणी गेल्या. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळून तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

आता मामांकडे येतो. माझे सख्खे मामा, वय शहात्तर, एसटीतून निवृत्त झालेले चालक. मराठवाड्याला सरकारी बसचं कौतुक जुनं: निजामाच्या राज्यात 1932 लाच ती सुरू झाली, पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावण्याच्या सोळा वर्षं आधी. मामा 1974 ला चिकटले. अपघात एकही नाही, आणि त्याबद्दल मिळालेला बिल्ला अजून त्यांच्या कपाटात आहे. मी त्यांना एकदा विचारलं, ‘मामा, पंचविशीत तुम्ही इतकी शांत गाडी कशी काय चालवायचे?’

‘शांत? आरं, ड्युटी सुटली की माझी राजदूत बघायला पाहिजे होती तू! डेपोतून घरी सहा मिनटात.’

‘मग बस?’

‘बसमधी मागं पन्नास मान्सं असत्यात. आरशात दिसत्यात. लेकरं, बाया, पोती, एखादी कोंबडी. आन् लवकर नेऊन काय करायचं? टायमाच्या आधी गाडी सुटत नसती.’

आरसा आणि वेळापत्रक. मामांच्या उत्तरात वयाचा उल्लेखच नव्हता. बसमध्ये पंचविशीतला तो तरुण पन्नाशीचा होता आणि राजदूतवर अठराचा. एकाच दिवसात दोनदा.

जुन्या पिढीला वेगाचं वावडं होतं, असं तर मुळीच नाही. मोटारसायकलवरून नातवाला शिव्या घालणारे आजोबा शंकरपटाला पहिल्या रांगेत असतात. 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, पुढे राज्यानं कायदा केला, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं तो उचलून धरला. तेव्हा आमच्याकडच्या धुरकऱ्यांइतकेच हे आजोबा नाचले. कुठली जोडी किती सेकंदात आली हे त्यांना वीस वर्षांनीही तोंडपाठ असतं. दमणी पळवत सासुरवाडीला गेल्याच्या कथा तर घरोघरी.

आणि माझ्या सगळ्या मांडणीला छेद देणारी व्यक्ती माझ्याच घरात आहे. बायको स्कूटी शिकली चव्वेचाळीसाव्या वर्षी. त्याआधीचं सगळं आयुष्य मागच्या सीटवर, एका बाजूला दोन्ही पाय सोडून, माझ्या खांद्यावर हात ठेवून. त्या हाताच्या दाबावर माझा वेग ठरायचा, हे मी उघड कधी कबूल केलं नाही. शिकली तेव्हा गल्लीत पंधरानं चालवायची, समोर म्हैस दिसली की उतरून उभी राहायची. आता पन्नाशी झालीय आणि नांदेड नाक्यावरून ती अशी निघते की मागे बसल्यावर माझीच मूठ घट्ट होते. तिच्या वयाच्या कितीतरी जणी, अंगणवाडीताई, आशाताई, शिक्षिका, अशाच चाळिशीत हँडलवर आल्या. त्यांच्या बाबतीत वय वाढलं तसा वेग वाढला. पुरुष विशीत करून बसतात तो सगळा आगाऊपणा त्यांच्या वाट्याला उशिरा आणि थोडाच येतो.

मामांची गोष्ट मात्र पुढे गोड राहिली नाही. एसटी सुटली, राजदूत विकली, त्यांनी स्कूटर घेतली. तीसच्या वर नाहीच. घरात सगळे म्हणायचे, मामांची काळजी नको. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी त्यांच्या मागेच गाडीवर होतो. मामांनी इंडिकेटर दिला नाही, मान वळवली नाही, आणि सरळ उजवीकडे घेतलं. मागून येणाऱ्या पोरानं गाडी आडवी करून थांबवली म्हणून वाचले. पोरगं बोललं ते छापण्यासारखं नाही. घरी आल्यावर मामा तासभर आजकालच्या पोरांच्या वेगाला शिव्या देत होते. चूक शंभर टक्के त्यांची होती, आणि ते सांगायची हिंमत आमच्यात कुणाची नव्हती.

म्हातारपणीचे अपघात असेच होतात. वेगानं कमी, वळताना आणि चौक ओलांडताना जास्त. मान फिरत नाही, एकाच वेळी चार दिशांचा हिशेब जमत नाही, आणि डोळा. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली आकसलेली, भिंग पिवळटलेलं. त्यावर समोरच्या गाडीचा पांढरा एलईडी पडला की काही सेकंद नुसता दुधाळ अंधार. मामांना मोतीबिंदू होता. दिवसा निभत होतं, म्हणून त्यांना तो आहे हेच पटत नव्हतं.

कायदा या बाबतीत आपल्यापरीनं वयाची शिडी लावतो. गिअर नसलेली पन्नास सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी, बाकी अठराव्या, प्रवासी आणि मालवाहू वाहन विसाव्या. आता सोळाव्या वर्षासाठीची ती पन्नास सीसीची गाडी बाजारात शोधून सापडत नाही. पोरगं अकरावीत गेलं की सरळ बापाची स्प्लेंडर घेतं. 2019 च्या दुरुस्तीनं आलेलं 199-अ कलम सांगतं की अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. 19 मे 2024 च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर, सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याची बातमी आली. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हाही आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस हाच विषय होता. शाळेबाहेर मात्र दहावीच्या पोरांच्या मोटारसायकली रांगेनं लावलेल्या होत्या आणि त्यांतल्या दोन शिक्षकांच्याच मुलांच्या होत्या.

शिडीचं दुसरं टोक आणखी सैल. चाळिशीनंतर लायसनसाठी डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म 1-अ. गेल्या वर्षी मीही तो आणला. पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, अशी त्यात डोळ्याची कसोटी आहे. आणि तीही चांगल्या दिवसाउजेडी. रात्री साडेसातला, समोरून ट्रक येत असताना, बिनदिव्याची ट्रॉली दिसते का, हे कुणी तपासत नाही. माझी तर नंबरप्लेटही कुणी वाचून घेतली नाही. डॉक्टरांनी वर न बघता सही केली.

एका गाडीला तर कायद्याचं वयच नाही. ताशी पंचवीसच्या आतली, अडीचशे वॅटची इलेक्ट्रिक स्कूटर. तिला लायसन लागत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत सकाळी आठवीतली नात ती शाळेला नेते आणि दुपारी आजोबा त्याच गाडीवर पेन्शनला जातात. दोघांचा वेग एकच, आणि दोघंही आरसा बघत नाहीत.

मामांची चावी अखेर आम्ही काढून घेतली नाही, ती सरकारनं सोडवली असं म्हणायला हवं. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली. मामांची पंचाहत्तरी उलटली तशी स्कूटर आपोआप अंगणातल्या पत्र्याखाली गेली. सोमवारी ते एसटीनं औंढ्याला जातात. जागा असली तर ड्रायव्हरच्या मागची सीट. तिथून काटा दिसतो. वाहक शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो आणि मामा ते जपून खिशात ठेवतात. पण हे सोमवारचं. गावाकडे सातनंतर गाडी नाही, लेक पुण्याला, शेतीचं काम तालुक्याला. हिंगोलीतल्या कित्येक म्हाताऱ्यांना रात्री दिसत नाही हे ठाऊक असूनही ते किक मारतात, कारण नाही मारली तर जाणार कसे, याला आपल्याकडे उत्तर नाही. शेवटची मुक्कामी एसटी ज्या गावाची बंद होते, त्या गावात एक आजोबा नाइलाजानं रस्त्यावर येतो. डेपोत हा हिशेब कुणी लिहीत नाही.

यंदाच्या दसऱ्याला पुतण्यानं गाडी घेतली. मी मागे बसून नर्सीला जाऊन आलो. काटा बेचाळीस-पंचेचाळीस. मधे एकदा त्यानं विचारलं, ‘काका, भ्या वाटायलंय का?’ म्हटलं, नाही रे, छान चालवतोस. घराशी उतरलो, त्याचा मित्र कट्ट्यावरून उठून माझ्या जागी बसला, आणि गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंतच सायलेन्सरचा आवाज बदलला.

म्हणून या अंकाच्या वाचकांना एकच सांगणं. भाऊबीजेला पोरगं नव्या गाडीवर बहिणीकडे निघेल तेव्हा त्याच्या मागे मित्राऐवजी आजीला किंवा आईला बसवा. आजोबा स्वतः निघत असतील तर जेवणं लवकर आटपून त्यांना उजेडात परत पाठवा. ट्रॉली तुमची असेल तर मागे लाल रेडियमची पट्टी चिकटवा. आणि आजीसाठीही हेल्मेट घ्या. मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमात ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे.